रॉटरडॅम, जावयाच्या सांगण्यावरून

विमानतळावर मी चुकीच्या सासऱ्यांच्या पाया पडलो.

मे महिन्यातली दुपार होती. मिनियापोलिसला ॲमस्टरडॅमहून येणारं विमान उतरलं होतं आणि दारातून एकामागून एक आजोबा बाहेर पडत होते. सगळ्यांच्या अंगात तोच राखाडी स्वेटर, पायात तेच नवे कोरे पांढरे बूट, ट्रॉलीवर सुतळीने आवळलेली तीच बॅग. बायको गाडी लावायला गेली होती. मी सासऱ्यांना सहा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. गर्दीत एक ओळखीचं नाक दिसलं आणि मी वाकलो. त्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिला, तेलुगूत. मी मान वर केली तर त्यांच्या मागे, खांबाला टेकून, माझे खरे सासरे उभे होते. अंगाने निम्मे झालेले.

“अहो बाबा, हाक नाही का मारायची?”

“तुम्ही इतक्या मनापासून वाकला होतात, जावईबापू. मध्ये कसं बोलायचं?”

हा किस्सा मी पुढे आमच्या ईडन प्रेरीतल्या, म्हणजे मिनियापोलिसच्या उपनगरातल्या, मराठी घराघरांत सांगितला. दुसऱ्याने हसायच्या आत आपण आपल्यावर हसून घ्यावं, अशी माझी सवय आहे. बायकोच्या मते ती सवय नाही, युक्ती आहे.

पण बाबा सरळ मुंबईहून आले नव्हते. मध्ये दोन दिवस ते रॉटरडॅमला उतरले होते, एकटे, आणि तेही माझ्या भरवशावर. ते आधी सांगायला हवं.

लग्नाआधी मी दोन वर्षं रॉटरडॅमला होतो, कंपनीच्या कामावर. एवढ्या भांडवलावर मी अमेरिकेत दहा वर्षं तिथला जाणकार म्हणून मिरवलो. आमच्याकडून भारतात जाणारी बरीच मंडळी ॲमस्टरडॅमला विमान बदलत. कुणी तिकडे दोन दिवस थांबायचं म्हटलं की त्याला माझ्याकडे पाठवत. मी चहा मागवायचो आणि सुरू व्हायचो. सायकलींच्या लाल पट्ट्यावर उभं राहू नका, घंटी वाजवून शिव्या देतात. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करून परत देतो. हे गाव लढाईत बेचिराख झालं आणि नंतर सगळं नव्याने बांधलं, त्यामुळे जुनं काही बघायला मागू नका. आणि ‘कॉफीशॉप’ अशी पाटी दिसली तर कॉफीसाठी आत जाऊ नका, तिथे गांजा विकतात.

रस्त्यांची नावं मात्र मला कधीच सांगता आली नाहीत. एक तर ती उच्चारताना घशात काटा अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो, आणि दुसरं म्हणजे मी पुण्याचा. आम्ही पत्ता खुणांवर सांगतो. अमक्या बेकरीवरून डावीकडे, मग पिंपळ, मग पिवळा बंगला. रॉटरडॅमही मी तसंच सांगायचो. स्टेशनातून बाहेर या, डोक्यावर मोठं घड्याळ दिसेल, त्याच्याकडे पाठ करा. कोपऱ्यावर बेकरी, तिचा वास आधी येतो. मग खिडकीत भला मोठा लाकडी बूट ठेवलेलं दुकान. मग पोटाला भोक पडलेला काळा माणूस, म्हणजे पुतळा. तो हात वर करून ओरडत असतो, त्याच्यापासून थोडं पुढे गेलात की पांढरा पूल, आणि पुलाखाली बोट. बंदर फिरवून आणते.

बाबांना ही बोट हवी होती.

बाबा आयुष्यभर मुंबईच्या गोदीत होते. शेडमध्ये उभं राहून परदेशी जाणाऱ्या मालाची मोजदाद करायची, हे काम. बायको सांगते, लहानपणी ती डबा द्यायला गेली की लाकडी खोक्यांवर काळ्या रंगात ठोकलेली अक्षरं वाचत बसायची. वाचायला शिकलीच तशी. सगळ्यात जास्त खोक्यांवर असायचं रॉटरडॅम. बाबा म्हणायचे, “पाठवणारे आम्ही. तिकडे घेणारे कोण आहेत, ते एकदा बघायचंय.” निवृत्तीनंतर आईंना घेऊन जायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. ते पुढे ढकललं गेलं, आणि बाबा इकडे आले त्याच्या आदल्या वर्षी आई गेल्या.

आई गेल्या तेव्हा बायको गेली नाही. जाऊ शकली नाही, असं आम्ही म्हणतो. आमची ग्रीनकार्डाची फाइल कुठेतरी अडकली होती आणि पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपली होती. देश सोडला तर नवा शिक्का मिळेपर्यंत बाहेर. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून तो कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. ओळखीतला एक जण बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला आणि पुण्यात अडकून पडला. इथली नोकरी गेली, गाडी मित्रांनी विकली. फोन आला त्या सकाळी बायको स्वयंपाकघरात उभी होती. तिने मला काही विचारलं नाही. मीही तिला जा म्हटलं नाही.

ती एकुलती एक. आता बाबा माझगावच्या खोलीत एकटे होते आणि फोनवर बोलता बोलता तोच प्रश्न पुन्हा विचारत होते. “थंडी कशी आहे तिकडे?” उत्तर ऐकायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि परत, “थंडी कशी आहे तिकडे?” बायको फोन ठेवायची आणि किती वेळा विचारलं ते मला बोटांवर मोजून दाखवायची.

“वय झालंय,” मी म्हणायचो. “माझे काका तर चाळिशीपासून असं करायचे.”

“तुझे काका मुद्दाम करायचे.”

शेवटी बाबांनी चार महिन्यांसाठी इकडे यायचं ठरलं. ते एकटे राहू शकतात का, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. आणि मला काय हवं होतं? मला ते ठणठणीत असायला हवे होते. ते ठणठणीत असले तर सप्टेंबरात परत जातील, माझगावला राहतील, आणि आमचं घर आहे तिथे राहील. नसले, तर बायकोला जावं लागेल, आणि परत येण्याचा काही भरवसा नाही. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

येताना रॉटरडॅमला उतरायचं, ही कल्पना माझी. बायको नको म्हणत होती. मी म्हटलं, “अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. रॉटरडॅम एकट्याने करून आले म्हणजे तुझं समाधान होईल. आणि मी आहे ना फोनवर.” बाबांनी मुंबईत स्वतः रांगेत उभं राहून तिथला व्हिसा काढला, मोबाईलवर रोमिंग घेतलं आणि निघाले.

त्या दिवशी मी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या फोन लावला. तिथे दुपार सरत आली होती.

“बाबा, कुठे आहात?”

“स्टेशनाच्या बाहेर उभा आहे.”

“उत्तम! आता वर बघा. घड्याळ दिसतंय?”

जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. “हो हो, दिसतंय.”

“त्याच्याकडे पाठ करा. चालायला लागा. लाल पट्ट्यावर नको! आली बेकरी? वास येतोय?”

“येतोय ना. छान येतोय.”

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. शेजारच्या खणातला गोरा सहकारी डोकं वर काढून म्हणाला, “विमान उतरवतोयस का?” मी त्याला हाताने थांबवलं. लाकडी बूट दिसला का? दिसला. पोटाला भोक पडलेला माणूस? दिसला. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, “इथे कॉफीशॉप आहे, जाऊ का?”

“नको बाबा, तिथे नको.”

“का? कॉफी वाईट असते?”

“फार वाईट असते.”

“बरं, बरं.”

पांढरा पूल दिसला म्हणाले आणि लाइन कटली. मी परत लावला, लागेना. थोड्या वेळाने बायकोचा तिच्या ऑफिसातून फोन. “बाबांचा फोन बंद येतोय.” मी म्हटलं, बोटीत असतील. तासाभराने परत तिचा फोन. मी म्हटलं, बोट हळू जाते. तिसऱ्यांदा तिने नुसतं “लागला?” एवढंच विचारलं आणि मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. दुपारी माझा डबा तसाच राहिला. मग हॉटेलच्या माणसाला फोन केला, त्याने त्यांच्या खोलीत जोडून दिला, आणि पलीकडून बाबा अगदी निवांत बोलले.

“कुठे होतात बाबा?”

“बोटीत. तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

मी बायकोला फोन करून म्हटलं, “बघ! म्हटलं होतं की नाही?” ती रडत होती. मला वाटलं, सुटल्याचं रडू आहे. काही अंशी असेलही.

मग बाबा आले, मी तेलुगू आशीर्वाद घेतला, आणि आमचा उन्हाळा सुरू झाला.

बाबांनी घरात पाऊल ठेवल्यापासून रॉटरडॅम सांगायला सुरुवात केली. जो येईल त्याला सांगायचे. स्टेशनावरचं भलं मोठं घड्याळ. बेकरीचा वास, अगदी इराण्याच्या हॉटेलासमोरून गेल्यासारखा. खिडकीतला बूट, “ह्यात माझी नात झोपेल एवढा.” मी कौतुकाने ऐकायचो. वर्णन कसं चोख! अगदी मी सांगितलं तसं. शेवटी ते बोटीवर यायचे आणि तिथे मात्र गाडी घसरायची.

“पण तिथे माणूसच नव्हता हो. एवढी मोठी गोदी, एवढाल्या क्रेन, डब्यांवर डबे, आणि माणूस नाही. क्रेन आपल्या आपण चालतायत. मी बघत राहिलो. कुणीच नाही घ्यायला. संप असेल बहुतेक.”

“संप कसा असेल, बाबा? क्रेन चालत होत्या ना?” मी हसून म्हणायचो.

“तेच ना,” ते म्हणायचे.

बायको माझ्याकडे बघायची. मी हळूच म्हणायचो, “लांबून दिसले नसतील. चष्मा जुना आहे. बाकी सगळं बरोबर आठवतंय की नाही?”

बाकी सगळं तसं बरोबर नव्हतं. एका दुपारी ते फिरायला गेले आणि दुसऱ्याच घराच्या गॅरेजसमोर उभं राहून आमचा रिमोट दाबत राहिले. शेजारीण त्यांना सोडायला आली. मी म्हटलं, आमच्या रस्त्यावरची घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत, पहिल्या वर्षी मीही चुकलो होतो. हे खरंच होतं. मग एकदा गॅस नुसताच चालू राहिला. मी म्हटलं, इथल्या शेगडीची बटणं उलटी फिरतात. हेही खरं होतं. मुलगी एकदा म्हणाली, “आजोबा टेल्स मी द सेम स्टोरी, बट आय ॲक्ट सरप्राइज्ड.” मी तिला शाबासकी दिली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं आणि सगळ्यांवर शेवटचं उत्तर म्हणजे रॉटरडॅम. “अगं, माणूस रॉटरडॅम एकट्याने करून आलाय! माझगावात काय होणारे?”

जुलै उजाडेपर्यंत बायकोही थोडी सैल झाली होती. माझगावला शेजारच्या काकूंना फोन करून रोज सकाळी डोकावायला सांगू, जेवणाचा डबा लावू, असं तिचं बोलणं सुरू झालं. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतंच. मी मनातल्या मनात त्या घड्याळाचे आणि बेकरीचे आभार मानले.

मग एका रविवारी आमच्याकडे जेवायला माझा एक नागपूरचा मित्र आला. तो कामासाठी काही महिन्यांपूर्वी युरोपात जाऊन आला होता. घरामागच्या लाकडी डेकवर मी ग्रिलवर पनीर जाळत होतो. बाबांनी त्याला रॉटरडॅम सांगितलं, पहिल्यापासून, आणि मग पाणी प्यायला आत गेले. मित्र माझ्याजवळ आला.

“यार, काका कोणत्या स्टेशनचं सांगून राहिले?”

“रॉटरडॅमचं. सेंट्रल.”

“ते तर पाडलं ना बे! मी मार्चमध्ये होतो तिथं. अख्खा खड्डा आहे. पत्र्याचं तात्पुरतं स्टेशन टाकून ठेवलं आहे. घड्याळ कुठलं, भिंतसुद्धा नाही.”

“बेकरी आहे पण. कोपऱ्यावर.”

“कोपराच नाही तर बेकरी कुठून राहील?” तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. “अरे, काय झालं? पनीर जळून राहिलं तुझं.”

मागे बायको ताटं घेऊन उभी होती. तिने ताटं टेबलावर ठेवली, एकेक, आवाज न करता.

जेवणं झाली. बाबा मित्राला म्हणाले, “पुन्हा या.” जाताना मित्र मला म्हणाला, “यार, मी काही चुकीचं बोललो का?” मी म्हटलं नाही. तो गेल्यावर बाबा डेकवर खुर्चीत बसले होते, मी जाऊन शेजारी बसलो. समोरच्या घराचं गवत कापायचं मशीन चालू होतं. ते बंद होईपर्यंत मी थांबलो.

“बाबा, स्टेशनवरचं ते घड्याळ...”

“केवढं मोठं!”

“हो. पण ते तुम्हाला दिसलं होतं का? तुम्ही स्वतः पाहिलंत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विमानतळावर खांबाला टेकून बघत होते, तसंच.

“तुम्ही इतक्या मनापासून दाखवत होतात,” ते म्हणाले.

बेकरीचं विचारायचा तर मला धीर झाला नाही. माझं मन राखायला हा माणूस हो म्हणत चालत राहिला होता, की त्याला खरंच दिसत होतं? आणि आता त्याला स्वतःला तरी यातलं कुठलं खरं ते ठाऊक होतं का? फोनवरचा तो नुसता वारा मला पुन्हा ऐकू आला. माझ्या घड्याळाच्या जागी बाबा खड्ड्यासमोर उभे होते, पत्र्याच्या कुंपणाशी. तिथून पूल त्यांनी कसा गाठला असेल, कुणाला विचारलं असेल, मला कधीच कळलं नाही.

“बोट मात्र खरी हां,” ते आपण होऊन म्हणाले. “पण तिथे कुणीच नव्हतं हो घ्यायला. मी सगळ्यांना सांगतो, कुणाला पटत नाही. तुमच्या वेळी होती का माणसं?”

आता इथे सांगायला हरकत नाही, दोन वर्षं रॉटरडॅमला राहून मी त्या बोटीत एकदाही बसलो नव्हतो. रोज पुलावरून जायचो, बोट दिसायची. पुढल्या रविवारी जाऊ म्हणायचो. पुढे दहा वर्षं लोकांना त्या बोटीत मी बसवलं, स्वतः मात्र काठावरच राहिलो. बाबांनी पाहिलेली ती निर्मनुष्य गोदी हीच त्यांच्या साऱ्या वर्णनातली एकमेव गोष्ट होती जी मी सांगितलेली नव्हती. आणि तीच मी दोन महिने चष्म्यावर ढकलत आलो होतो.

ते वाट बघत होते.

“हो बाबा,” मी म्हणालो. “होती ना. भरपूर होती. तुमच्या शेडसारखीच. तुमची खोकी बघितलीत मी उतरताना.”

“असं?” त्यांचा चेहरा सुटला. “मग त्या दिवशी संपच असणार.”

मी आत आलो. बायको उरलेला भात दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरत होती. खिडकी उघडी होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं असणार.

“बाबा माझं मन राखायला हो म्हणत होते,” मी म्हणालो. “जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून. तसंच असेल ना?”

तिने डब्याला झाकण लावलं. ते निघालं. तिने पुन्हा दाबून बसवलं.

“सप्टेंबरात मी जातेय त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “यायला मिळेल तेव्हा येईन.”

“आणि कागद?”

“आईच्या वेळी सांभाळले कागद. पुरे झालं.”

मी सवयीने काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं असावं. तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “स्टेशन पाडलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. घड्याळाचं सांगायला लागले की म्हणायचं, हो बाबा, तिथेच आहे. मी गेल्यावर फोनवरही हेच म्हणत राहायचं. जमेल तुला. तू तर तिथलाच.”